कमला निंबकर

कमला विष्णू निंबकर (पूर्वाश्रमीच्या एलिझाबेथ लंडी, इ.स. १९०० – इ.स. १९७९) या भारतातील व्यवसायोपचार या उपचारशाखेच्या प्रवर्तक होत्या. अमेरिकेतील क्वेकर पंथीय कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथ विवाहानंतर भारतात आल्या, कमला हे नाव त्यांनी स्वीकारले आणि पुढचे आयुष्य येथेच व्यतीत केले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात इ.स. १९५० मध्ये त्यांनी व्यवसायोपचाराची प्रशिक्षण शाळा सुरू केली. ही आशियातील अशा प्रकारची पहिली शाळा मानली जाते. इ.स. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटनेची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली व त्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. नागपूर येथील प्रशिक्षण शाळेच्या उभारणीचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. मनोरुग्ण, अपंग, पोलिओग्रस्त मुले व दीर्घ आजारातून उठलेले रुग्ण यांना पुन्हा कामाला लावणे हा उपचाराचाच भाग आहे, हा विचार भारतीय रुग्णालयांत रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

कौटुंबिक व वैचारिक पार्श्वभूमी

क्वेकर पंथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आला. धर्मगुरूंची उतरंड न मानणे, मौन प्रार्थना, साधी राहणी, युद्धाला विरोध आणि स्त्री-पुरुषांना समान स्थान ही या पंथाची वैशिष्ट्ये होत. अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीत या पंथातील अनेक कुटुंबांचा सहभाग होता.

मनोरुग्णांच्या उपचाराच्या इतिहासातही या पंथाचे नाव ठळकपणे येते. इ.स. १७९० मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथील वेड्यांच्या इस्पितळात हॅना मिल्स या क्वेकर स्त्रीचा मृत्यू झाला. तेथील परिस्थितीने अस्वस्थ झालेल्या विल्यम ट्यूक या व्यापाऱ्याने आपल्या पंथबांधवांच्या साहाय्याने इ.स. १७९६ मध्ये 'यॉर्क रिट्रीट' ही संस्था उघडली. साखळदंड आणि मारहाण यांऐवजी तेथे मोकळी हवा, सौजन्याची वागणूक आणि नियमित काम यांवर भर होता. रुग्ण बागेत काम करीत, गुरांची देखभाल करीत, शिवणटिपण करीत. जवळपास त्याच काळात फ्रान्समध्ये फिलिप पिनेल यांनी असेच प्रयोग आरंभले होते. अमेरिकेतील क्वेकर मंडळींनी हाच आदर्श समोर ठेवून इ.स. १८१७ मध्ये फिलाडेल्फियाजवळ मनोरुग्णांसाठी आश्रम सुरू केला. कमलाबाईंनी पुढे जे शास्त्र भारतात आणले, त्याची एक मुळी अशा रीतीने त्यांच्या जन्मपंथाच्या इतिहासातच होती.

व्यवसायोपचार शास्त्राचा उदय

व्यवसायोपचार या नावात 'व्यवसाय' हा शब्द असला, तरी त्याचा अर्थ केवळ पोटापाण्याचा उद्योग असा नाही. मनुष्य दिवसभरात जे जे अर्थपूर्ण काम करतो ते सर्व येथे अभिप्रेत आहे. आंघोळ, कपडे घालणे, जेवण, घरकाम, शिक्षण, खेळ, छंद व नोकरी-धंदा यांचा त्यात समावेश होतो. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे यांपैकी जे तुटले असेल ते पुन्हा जोडून देणे हे व्यवसायोपचारतज्ज्ञाचे काम होय.

स्वतंत्र व्यवसाय म्हणून या शास्त्राची स्थापना अमेरिकेत इ.स. १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे झालेल्या सभेत झाली. सभेचे निमंत्रक जॉर्ज बार्टन हे वास्तुविशारद होते. क्षय आणि अर्धांगवायू या दोन्ही आजारांना तोंड देताना कामाचा उपचार म्हणून होणारा उपयोग त्यांनी स्वतः अनुभवला होता. विल्यम रश डंटन हे मनोविकारतज्ज्ञ आणि एलेनॉर क्लार्क स्लेगल या समाजसेविका त्या सभेच्या प्रमुख संस्थापकांपैकी होत्या. वर्षानुवर्षे रुग्णालयात राहिलेल्या मनोरुग्णांना उठणे, स्वच्छ होणे, जेवणे, काम करणे आणि विश्रांती घेणे यांची घडी पुन्हा बसवून देणारी सवय-प्रशिक्षणाची पद्धत स्लेगल यांनी विकसित केली. मनोविकारतज्ज्ञ अडॉल्फ मायर यांनी काम, खेळ, विश्रांती व झोप यांचा समतोल हा मानसिक आरोग्याचा पाया आहे, अशी मांडणी करून या शास्त्राला वैचारिक बैठक दिली. दोन महायुद्धांत जखमी झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनामुळे या शाखेचा विस्तार झाला. इंग्लंडमधील पहिली शाळा डॉ. एलिझाबेथ कॅसन यांनी इ.स. १९३० मध्ये ब्रिस्टल येथे सुरू केली. भारतात मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी एकही शाळा नव्हती.

भारतात आगमन

विष्णू निंबकर यांच्याशी विवाह झाल्यावर इ.स. १९३० च्या सुमारास एलिझाबेथ भारतात आल्या व कमला निंबकर झाल्या. तो काळ सविनय कायदेभंगाच्या चळवळीचा होता. चरखा, खादी, ग्रामोद्योग यांमुळे हाताच्या कामाला राष्ट्रीय जीवनात नवे स्थान मिळत होते. इ.स. १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींनी 'नई तालीम' या शिक्षणपद्धतीची मांडणी केली. हस्तोद्योगाच्या द्वारा शिक्षण हे तिचे सूत्र होते. काम हे शिक्षणाचे साधन होऊ शकते हा विचार महाराष्ट्राच्या भूमीत असा रुजत होता. काम हे उपचाराचेही साधन होऊ शकते हा विचार रुजायला आणखी काही वर्षे जावी लागली.

वयाच्या चाळिशीनंतर कमलाबाईंनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे पद्धतशीर शिक्षण घेतले. संसार व अपत्य असलेल्या स्त्रीने त्या वयात पुन्हा विद्यार्थिदशा स्वीकारणे ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती. शिक्षण पूर्ण करून त्या भारतात परतल्या तेव्हा देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावरून पुढे आला होता आणि आरोग्यसेवेची नवी घडी बसविण्याचे प्रयत्न सुरू झाले होते.

भारतातील मनोरुग्णालये आणि काम

कमलाबाईंच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी त्यापूर्वीची स्थिती पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात मनोरुग्णांसाठीच्या संस्था ब्रिटिश राजवटीत उभ्या राहिल्या. नागपूरचे मनोरुग्णालय इ.स. १८६४ मधील असून रत्नागिरीचे मनोरुग्णालयही एकोणिसाव्या शतकातीलच आहे. मुंबईत कुलाबा येथे असलेल्या इस्पितळातील रुग्णांसाठी ठाण्याला नौपाडा येथे नवी संस्था उभी राहिली व ती इ.स. १९०१ मध्ये सुरू झाली. पुण्याजवळील येरवड्याचे मनोरुग्णालय विसाव्या शतकाच्या आरंभीचे होय. मराठी बोलीत एखाद्याला ठाण्याला किंवा येरवड्याला पाठविणे याचा जो अर्थ रूढ झाला, त्यावरून या संस्थांकडे समाज कोणत्या नजरेने पाहत होता हे कळते. तेथे गेलेला माणूस परत येत नाही अशीच समजूत होती, आणि अनेकांच्या बाबतीत ती खरीही ठरत असे.

या इस्पितळांत रुग्ण काम करीत नसत असे नाही. बागकाम, विणकाम, दळण, स्वयंपाकघरातील मदत, धुलाई ही कामे एकोणिसाव्या शतकापासून चालत आली होती. परंतु अशा कामाचा हेतू बहुधा संस्थेचा खर्च कमी करणे आणि रुग्णांना गुंतवून ठेवणे हा असे. कोणत्या रुग्णाला कोणते काम द्यावे, किती वेळ द्यावे, त्यातून त्याच्यात कोणता पालट अपेक्षित आहे, याची नोंद व विचार क्वचितच होई. याला एक उल्लेखनीय अपवाद रांचीचा होता. तेथील युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी इ.स. १९२२ मध्ये व्यवसायोपचाराचा विभाग सुरू केला. तरीही हा प्रयोग एका संस्थेपुरता राहिला. त्यासाठी प्रशिक्षित माणसे तयार करणारी यंत्रणा देशात निर्माण झाली नाही.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य समितीने इ.स. १९४६ मध्ये सादर केलेल्या अहवालात मनोरुग्णसेवेची दारुण अवस्था नोंदविली. सुमारे ४० कोटी लोकसंख्येच्या देशात मनोरुग्णांसाठी केवळ १०,००० च्या आसपास खाटा होत्या, आणि बहुतेक संस्था उपचारापेक्षा बंदिवासाच्याच स्वरूपाच्या होत्या. कमलाबाईंनी कामाला हात घातला तो या पार्श्वभूमीवर.

मुंबईतील प्रशिक्षण शाळा

परळ येथील के.ई.एम. रुग्णालय व त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय इ.स. १९२६ पासून कार्यरत होते. हे मुंबई महानगरपालिकेचे रुग्णालय गिरणगावात असल्याने तेथे येणाऱ्या रुग्णांत कामगारवर्गाचे प्रमाण मोठे होते. यंत्रात हात सापडलेला कामगार, पक्षाघात झालेला घरचा कर्ता पुरुष, पोलिओने पाय गेलेले मूल किंवा मनाचा तोल ढळलेली स्त्री यांच्या बाबतीत केवळ औषध देऊन भागत नाही, हे येथे रोज दिसत होते. औषधोपचार संपल्यावर रुग्ण घरी जाई, पण कामावर परतू शकत नसे. आणि कामावर न परतलेला माणूस कुटुंबाला ओझे वाटू लागे.

इ.स. १९५० मध्ये कमलाबाईंनी याच रुग्णालयात व्यवसायोपचाराची प्रशिक्षण शाळा व उपचारकेंद्र सुरू केले. शाळा आणि उपचारकेंद्र एकाच ठिकाणी असणे महत्त्वाचे होते. विद्यार्थ्यांना शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, मनोविकृतिशास्त्र यांबरोबर हस्तकौशल्याचे विषयही शिकावे लागत आणि लगेच रुग्णांबरोबर प्रत्यक्ष काम करावे लागे.

हस्तकौशल्याच्या शिक्षणाला भारतात एक सामाजिक बाजूही होती. पाश्चात्त्य देशांत विणकाम, वेतकाम, सुतारकाम, कातडीकाम हे छंद किंवा कारागिरी म्हणून शिकविले जात. भारतात यांतील प्रत्येक काम विशिष्ट जातीशी बांधलेले होते. बुरूडकाम किंवा चर्मकाम करण्यास पांढरपेशा घरातील रुग्ण तयार होतीलच असे नव्हते, आणि शिकविणाऱ्यालाही आधी ते स्वतःच्या हाताने करावे लागे. पदवीधर मुला-मुलींनी रुग्णाशेजारी बसून टोपली विणणे किंवा रंधा मारणे हे या शिक्षणाचे अविभाज्य अंग होते. हाताने काम करणे हलके नव्हे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अशा रीतीने पहिल्या वर्षापासूनच शिकावी लागे.

याच काळात मुंबईत पुनर्वसनाच्या इतर वाटाही खुल्या होत होत्या. फातिमा इस्माइल यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी केंद्र सुरू केले होते. इ.स. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करून त्यांना नवे उद्योग शिकवीत होते. या सर्व प्रयत्नांना प्रशिक्षित व्यवसायोपचारतज्ज्ञांची गरज होती, आणि ती भागविण्याचा आरंभ परळच्या शाळेने केला.

मनोरुग्णांसाठी व्यवसायोपचार

कमलाबाईंनी भारतात आणलेल्या शास्त्रात मनोरुग्णांच्या उपचाराला महत्त्वाचे स्थान होते. या उपचाराची पद्धत थोडक्यात पुढीलप्रमाणे सांगता येते.

पहिली पायरी रुग्णाचे निरीक्षण ही होय. तो स्वतःची स्वच्छता राखतो का, सूचना समजतात का, किती वेळ एका जागी लक्ष देऊ शकतो, इतरांबरोबर बसू शकतो का, आजारापूर्वी कोणते काम करीत होता, हे पाहिले जाते. दुसरी पायरी कामाचे पृथक्करण ही होय. एखाद्या कामात किती टप्पे आहेत, त्याला किती शक्ती, किती एकाग्रता, किती निर्णयक्षमता लागते, त्यात कोणती हत्यारे वापरावी लागतात, चूक झाली तर ती सहज सुधारता येते का, याचा तपशील तज्ज्ञाला माहीत असावा लागतो. मग रुग्ण आणि काम यांची सांगड घातली जाते.

खिन्नतेने ग्रासलेल्या रुग्णाला थोड्या वेळात पूर्ण होणारे व ज्याचे फळ डोळ्यांना दिसेल असे काम देतात. अतिउत्साहाच्या अवस्थेतील रुग्णाला नाजूक कलाकुसरीपेक्षा कुदळकाम, पाणी भरणे, लाकूड घासणे असे मोठ्या स्नायूंचे काम मानवते. माणसांपासून दूर गेलेल्या रुग्णाला प्रथम इतरांच्या शेजारी पण स्वतंत्रपणे काम करू देतात. काही दिवसांनी एकच सूत दोघांनी उकलायचे, एकच सतरंजी दोघांनी विणायची असे काम देतात. आणि त्यानंतर गटात आणतात. काम हळूहळू वाढवीत नेणे, अवघड करीत नेणे हे या पद्धतीचे मर्म आहे. कात्री, सुई, पटाशी अशी हत्यारे कामाच्या आरंभी व शेवटी मोजून घेणे हा मनोरुग्ण विभागातील अनिवार्य नियम असतो.

यापुढचा टप्पा व्यावसायिक पुनर्वसनाचा. रुग्ण सुधारला की त्याला कार्यशाळेत ठरावीक वेळेचे काम दिले जाते. वेळेवर येणे, वरिष्ठांचे ऐकणे, सहकाऱ्यांशी जुळवून घेणे आणि मालाचा दर्जा राखणे ही सवय तेथे लागते. शिवणकाम, सुतारकाम, हातमाग, लिफाफे, खडू व मेणबत्त्या तयार करणे, बागकाम अशी कामे भारतीय मनोरुग्णालयांच्या कार्यशाळांत दीर्घकाळ चालत आली आहेत. ज्यांना खुल्या बाजारात नोकरी झेपत नाही त्यांच्यासाठी संरक्षित कार्यशाळा असतात. ज्यांना झेपते त्यांना जुन्या कामावर परत पाठविणे किंवा नवे काम मिळवून देणे हे अंतिम उद्दिष्ट होय.

येथे रुग्णाच्या मूळ जीवनाचा विचार फार महत्त्वाचा ठरतो. शहरातील कामगाराला उपयोगी पडणारी कार्यशाळा शेतकऱ्याला उपयोगी पडेलच असे नाही. महाराष्ट्रातील चारही जुनी शासकीय मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. जालना जिल्ह्यातील धावड्यासारख्या गावातून दूरच्या रुग्णालयात दाखल झालेला शेतकरी तेथे लिफाफे चिकटवायला शिकला, तरी परतल्यावर त्याच्यापुढे पेरणी, खुरपणी, कापूसवेचणी आणि गुरांचे दाणावैरण हीच कामे असतात. त्यामुळे कामाची निवड रुग्णाच्या घर-शिवाराशी जुळणारी असावी लागते. त्याचबरोबर घरच्या माणसांनाही हे समजावून द्यावे लागते की परतलेल्या रुग्णाला एकदम सर्व काम सांगू नये आणि अजिबात काम न सांगता बसवूनही ठेवू नये. एखादे बैल किंवा शेळी सांभाळण्याची जबाबदारी, रोज ठरावीक वेळी, ही अशा वेळी चांगली सुरुवात ठरते.

संघटनकार्य

एक शाळा उभारून व्यवसाय उभा राहत नाही, हे जाणून कमलाबाईंनी संघटनेकडे लक्ष दिले. इ.स. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी जागतिक व्यवसायोपचारतज्ज्ञ महासंघाची स्थापना झाली. महासंघाच्या मूळ १० सदस्य देशांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, स्वीडन, डेन्मार्क, इस्रायल यांच्याबरोबर भारताचा समावेश होता. अवघ्या दोन वर्षांपूर्वी पहिली शाळा सुरू झालेल्या देशाला संस्थापक सदस्य म्हणून स्थान मिळाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. महासंघाचे पहिले जागतिक अधिवेशन इ.स. १९५४ मध्ये एडिंबरा येथे भरले.

आंतरराष्ट्रीय सदस्यत्वाचा व्यावहारिक लाभ असा झाला की भारतातील अभ्यासक्रम जगातील मान्य निकषांशी जोडला गेला. अभ्यासक्रमाचे तास, रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचा कालावधी, शिक्षकांची पात्रता यांना निश्चित स्वरूप आले. भारतात शिकलेल्या तज्ज्ञांना परदेशातही काम करणे त्यामुळे शक्य झाले.

इ.स. १९५८ मध्ये नागपूर येथे व्यवसायोपचाराची शाळा सुरू झाली. मुंबईबाहेर, विदर्भात हे शिक्षण उपलब्ध होणे महत्त्वाचे होते, कारण नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जुने मनोरुग्णालय अशा दोन्ही संस्था होत्या.

संपादन व लेखन

पुनर्वसनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना परस्परांचे अनुभव कळावेत या हेतूने कमलाबाईंनी 'जर्नल ऑफ रिहॅबिलिटेशन इन एशिया' हे नियतकालिक इ.स. १९६० पासून चालविले. नियतकालिकाच्या नावात भारताऐवजी आशिया खंडाचा उल्लेख होता. अपंगत्व, दारिद्र्य आणि प्रशिक्षित माणसांची टंचाई हे प्रश्न शेजारी देशांतही सारखेच होते, आणि त्यांची उत्तरे केवळ पाश्चात्त्य पुस्तकांत सापडणारी नव्हती.

भारतातील पुनर्वसन व व्यवसायोपचार यांचा इतिहास सांगणारे त्यांचे 'अ न्यू लाइफ फॉर द हँडिकॅप्ड' हे इंग्रजी पुस्तक त्यांच्या निधनानंतर इ.स. १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. या व्यवसायाच्या आरंभकाळातील प्रमुख कार्यकर्तीनेच लिहिलेले असल्याने अभ्यासकांच्या दृष्टीने ते मोलाचे आहे.

कुटुंब व फलटण

कमलाबाई व विष्णू निंबकर यांचे पुत्र बनबिहारी विष्णू निंबकर (१९३१–२०२१) हे कृषिशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाले. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे त्यांनी इ.स. १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. शेती व पशुपालनातील कार्याबद्दल त्यांना इ.स. २००६ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. त्यांच्या पत्नी जाई निंबकर या इंग्रजीतून लिहिणाऱ्या कादंबरीकार असून त्या समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे व दिनकर धोंडो कर्वे यांच्या कन्या होत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या घराण्याशी निंबकर कुटुंबाचा संबंध असा जोडला गेला.

कमलाबाईंचे इ.स. १९७९ मध्ये निधन झाले.

उपचार की श्रम? कार्याचे मूल्यमापन

मनोरुग्णांना काम देण्याच्या पद्धतीवर गेल्या शतकात गंभीर आक्षेपही घेतले गेले. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी इ.स. १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मनोरुग्णालयासारख्या बंदिस्त संस्था माणसाची ओळख कशी पुसून टाकतात हे दाखविले. रुग्णालयाचे दैनंदिन काम रुग्णांकडून विनावेतन करून घेणे आणि त्याला उपचार म्हणणे हा अनेक देशांत चर्चेचा विषय झाला. जो रुग्ण चांगला स्वयंपाक करतो किंवा चांगले कपडे धुतो, त्याला घरी पाठविण्याची संस्थेला घाई नसते, हा धोका खरा आहे. अशा ठिकाणी कामच रुग्णाच्या सुटकेच्या आड येते.

या आक्षेपामुळे व्यवसायोपचाराचे महत्त्व कमी होत नाही; उलट प्रशिक्षित तज्ज्ञाची आवश्यकता अधिक स्पष्ट होते. उपचार म्हणून दिलेल्या कामाला उद्दिष्ट असते, मुदत असते, नोंद असते आणि ते रुग्णाला संस्थेबाहेर नेते. या गोष्टी नसतील तर ते केवळ राबविणे होते. रुग्णाला काम देण्याची प्रथा भारतात पूर्वीपासून होती. ते काम रुग्णाच्या हितासाठी कसे द्यावे हे शिकविणारी शाळा नव्हती. कमलाबाईंच्या कार्याचा विशेष हाच की त्यांनी ही उणीव भरून काढण्यास आरंभ केला.

इ.स. १९५०च्या दशकात मनोविकारांवरील परिणामकारक औषधे उपलब्ध होऊ लागली. औषधांमुळे भास-भ्रम व प्रक्षोभ आटोक्यात येऊ लागले. परंतु उत्साहाचा अभाव, एकलकोंडेपणा, कामाची सुटलेली सवय हे दोष केवळ औषधाने जात नाहीत, हेही लवकरच ध्यानात आले. त्यामुळे औषध आणि पुनर्वसन हे परस्परांना पर्याय न ठरता पूरक ठरले.

भारतीय कायद्यातही या विचाराचे प्रतिबिंब कालांतराने उमटले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार मनोरुग्णाला समाजात राहण्याचा अधिकार आहे. मानसिक आरोग्य संस्थेत त्याच्यावर कामाची सक्ती करता येत नाही, आणि त्याने काम केल्यास त्याचा योग्य मोबदला त्याला मिळाला पाहिजे, असेही हा कायदा सांगतो. निवारागृहे, रुग्णालय व घर यांच्यामधील संक्रमणगृहे आणि समाजाधारित पुनर्वसन यांची तरतूद त्यात आहे. उपचार आणि श्रम यांतील सीमारेषा अशा रीतीने कायद्याने आखून दिली आहे. ती प्रत्यक्षात पाळली जाणे मात्र पुरेशा प्रशिक्षित मनुष्यबळावर अवलंबून आहे.

वारसा

परळच्या शाळेतून निघालेल्या पहिल्या पिढीने देशाच्या विविध भागांत व्यवसायोपचाराचे विभाग सुरू केले. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रल येथील टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयांतही पुढे हे शिक्षण सुरू झाले. आज महाराष्ट्रातील हा पदवी अभ्यासक्रम नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतो. इ.स. २०२१ मध्ये संसदेने संमत केलेल्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या कायद्याने व्यवसायोपचाराला राष्ट्रीय पातळीवर वैधानिक मान्यता दिली. पहिली शाळा सुरू झाल्यापासून ही मान्यता मिळेपर्यंत ७१ वर्षे लोटली.

अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना आपल्या वार्षिक अधिवेशनात कमला निंबकर यांच्या नावाचा करंडक उत्कृष्ट शोधनिबंधासाठी देते. फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांच्या पुढाकाराने इ.स. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या मराठी माध्यमाच्या शाळेस 'कमला निंबकर बालभवन' हे नाव देण्यात आले. सर्व स्तरांतील मुलांना एकत्र शिकविणारी, वाचन-लेखनाबरोबरच हाताच्या कामाला आणि कलेला अभ्यासक्रमात स्थान देणारी शाळा म्हणून ती महाराष्ट्रात ओळखली जाते. बर्नसन याही मूळच्या अमेरिकन असून त्यांनी महाराष्ट्र हीच आपली कर्मभूमी मानली.